रहीम साहेब: भारतीय फुटबॉलचे हैदराबादी गुरुजी

नव्या हंगामाची चाहूल लागली की फुटबॉलप्रेमींच्या बैठकीत दोन प्रश्न हमखास निघतात. यंदा संघात नवे कोण आले, आणि जुना प्रशिक्षक टिकला की गेला? चार सामने हरले की प्रशिक्षक बदला, गोल होत नाहीत म्हणून नवा आघाडीवीर आणा, असा हिशेब मडगावच्या चहाच्या टेबलावर जसा मांडला जातो तसाच कोलकात्याच्या मैदानावरही मांडला जातो. तो सर्वस्वी चुकीचा असतो असे नाही. परंतु भारतीय फुटबॉलला आजवरचे सर्वांत मोठे यश मिळवून देणाऱ्या माणसाने हाच हिशेब निराळ्या रीतीने मांडला होता. सय्यद अब्दुल रहीम हे त्यांचे नाव. आशियाई क्रीडा स्पर्धांत भारताने फुटबॉलची दोनच सुवर्णपदके जिंकली, आणि ती दोन्ही रहीम प्रशिक्षक असताना जिंकली.

१७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबाद येथे रहीम यांचा जन्म झाला. त्या काळी हैदराबाद हे निजामाचे संस्थान होते आणि मराठवाड्याचे जिल्हेही त्याच संस्थानात मोडत होते. रहीम यांचे उच्च शिक्षण उस्मानिया विद्यापीठात झाले. तेथील संघातून ते फुटबॉल खेळले, पुढे शहरातील क्लबांकडूनही खेळले. पेशाने मात्र ते शिक्षक होते. हैदराबादेतील मराठी कुटुंबांना परिचित असलेल्या काचीगुड्याच्या शाळेसह शहरातील निरनिराळ्या शाळांत त्यांनी अध्यापन केले आणि शारीरिक शिक्षणाची पदविकाही घेतली. पुढे प्रशिक्षक म्हणून त्यांची कीर्ती देशभर पसरली तरी त्यांच्यातला शाळामास्तर कधी मागे पडला नाही. खेळाडूची उणीव दिसली की त्याला काढून टाकण्याआधी ती उणीव दूर करता येते का, हे पाहण्याची शिक्षकाची सवय त्यांनी मैदानावर नेली.

१९४३ साली ते हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिव झाले आणि मृत्यूपर्यंत त्या पदावर राहिले. या वीस वर्षांत त्यांनी शहरातील खेळाची मशागत केली. त्या वेळचा भारतीय खेळाडू चेंडू पायाशी घोळवत नेण्यात धन्यता मानी. रहीम यांनी मुलांसाठी अशा स्पर्धा भरवल्या की ज्यांत चेंडू घोळवण्यास मज्जाव होता. चेंडू मिळताच तो सहकाऱ्याकडे द्यावा लागे. उजव्या पायाने खेळणाऱ्याला केवळ डाव्या पायाने आणि डाव्या पायाच्या खेळाडूला केवळ उजव्या पायाने खेळावे लागेल, अशाही स्पर्धा त्यांनी घेतल्या. प्रेक्षकांना त्या पोरखेळ वाटल्या असतील. पण दोन्ही पायांनी खेळणारी आणि मान वर करून सहकारी शोधणारी पिढी त्यांतूनच तयार झाली.

खेळाडू हेरण्याची त्यांची पद्धतही शिक्षकाचीच होती. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा गावातील तुलसीदास बलराम हा गरीब घरचा मुलगा त्यांच्या नजरेत भरला. सरावासाठी हैदराबादला येण्याजाण्याचा खर्च त्याला परवडणारा नव्हता. तेव्हा रहीम यांनी भाड्याच्या सायकलीचे पैसे स्वतः देऊन त्याची अडचण दूर केली. पुढे भारताचा एक अव्वल आघाडीवीर म्हणून नावाजलेल्या या खेळाडूची ‘खरेदी’ एवढ्यातच झाली, असे म्हणावे लागेल.

१९५० साली रहीम हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाचे प्रशिक्षक झाले. संस्थान भारतात विलीन होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. फुटबॉलची राजधानी कोलकाता मानली जाई. मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहमेडन स्पोर्टिंग या तीन मातब्बर क्लबांकडे देशभरातून गुणवान खेळाडूंची आवक होई. पोलीस संघाकडे तसा पैसा नव्हता. त्यांच्याकडे देण्यासारखे होते ते खात्यातली नोकरी आणि रहीम यांची शिकवणूक. एवढ्या भांडवलावर या संघाने मुंबईतील रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ असा सलग पाच वर्षे जिंकला. १९५० साली ड्युरांड चषकाच्या अंतिम फेरीत त्यांनी मोहन बागानलाही नमवले. हैदराबादचे चांगले खेळाडू कोलकात्याचे क्लब नेत राहिले; बलरामही १९५७ साली ईस्ट बंगालमध्ये गेला. एक गेला की त्याच्या जागी उभा करण्याजोगा दुसरा रहीम यांच्याजवळ असे, कारण पुरवठ्याचा झरा त्यांनी स्वतःच खणला होता. संतोष करंडकावरही हैदराबादने या दशकात दोनदा नाव कोरले.

राष्ट्रीय संघाची धुरा त्यांच्याकडे आली ती १९५१ च्या दिल्ली आशियाई क्रीडा स्पर्धेसाठी. शैलेन मन्ना यांच्या नेतृत्वाखालील संघाने अंतिम सामन्यात इराणला १-० असे हरवले. साहू मेवालाल यांच्या गोलने भारताला पहिले सुवर्ण मिळाले. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ अशी धूळ चारली. बहुतेक भारतीय खेळाडू अनवाणी खेळत होते. त्या पराभवानंतर बूट घालून खेळण्याची सक्ती झाली आणि भारतीय फुटबॉलचे अनवाणी युग संपले.

अशा पराभवानंतर प्रशिक्षकाला नारळ मिळतो, हा जगाचा रिवाज आहे. १९५४ च्या मनिला आशियाई स्पर्धेत भारतीय संघ रहीम यांच्याविना उतरला आणि गटातच गारद झाला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकसाठी संघ पुन्हा त्यांच्या हाती आला, तेव्हा हेलसिंकीचा धडा त्यांनी गिरवलेला दिसला. हंगेरीचा संघ न आल्याने भारताला पुढे चाल मिळाली. उपांत्यपूर्व फेरीत भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. त्या सामन्यात नेव्हिल डिसोझा यांनी तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये गोलांची हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. मूळचे बार्देशातील आसगावचे डिसोझा मुंबईत टाटा संघाकडून खेळत. उपांत्य सामन्यात त्यांनी युगोस्लाव्हियावरही पहिला गोल चढवला, मात्र भारत १-४ असा हरला. ब्राँझपदकाच्या लढतीत बल्गेरियाने मात केली आणि भारत चौथा आला. चार वर्षांपूर्वी ज्या संघाने दहा गोल खाल्ले होते, तो जगातील पहिल्या चार संघांत बसला होता.

डावपेचांतही रहीम काळाच्या पुढे होते. मधला आघाडीवीर नेहमी गोलसमोरच थांबावा, ही जुनी कल्पना हंगेरीच्या संघाने मोडीत काढली होती. रहीम यांनी तिचा बारकाईने अभ्यास करून मधल्या आघाडीवीराला मागे खेचण्याची रीत आपल्याकडे रुजवली. बचावात चार, मध्ये दोन आणि आघाडीला चार ही रचना ब्राझीलने १९५८ साली जगज्जेतेपद मिळवून लोकप्रिय केली. तिचे धडे रहीम त्याआधीपासूनच आपल्या खेळाडूंना देत होते. १९५८ च्या टोकियो आशियाई स्पर्धेत संघाची सूत्रे पुन्हा दुसऱ्या हाती होती आणि भारत पदकाविना परतला. १९६० च्या रोम ऑलिंपिकला रहीम परत आले. गट अत्यंत कठीण होता. हंगेरीविरुद्ध भारत १-२ असा निसटता हरला, फ्रान्सला १-१ असे बरोबरीत रोखले आणि पेरूकडून १-३ असा हरला. पुढची फेरी हुकली. पण १९६२ च्या संघाची वीण रोममध्येच घट्ट झाली.

जाकार्ताची आशियाई स्पर्धा आली तेव्हा रहीम यांना फुप्फुसाच्या कर्करोगाने ग्रासले होते. तरीही ते संघासोबत गेले. चुनी गोस्वामी कर्णधार होते. प्रदीपकुमार बॅनर्जी आणि बलराम या त्रयीतील इतर दोघांसह आघाडीला धार होती, तर मधल्या फळीत फॉर्च्युनाटो फ्रांको हे कोलवाळचे गोमंतकीय खेळाडू होते. गोवा मुक्त होऊन तेव्हा वर्षही उलटले नव्हते. सुरुवात मात्र निराशाजनक झाली. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असे हरवले. त्यानंतर थायलंड आणि जपान यांच्यावर भारताने विजय मिळवले. पण थायलंडविरुद्ध बचावाचा कणा असलेल्या जर्नेल सिंग यांच्या डोक्याला मोठी जखम झाली आणि टाके घालावे लागले.

त्या काळी ऐनवेळी मायदेशातून बदली खेळाडू बोलावण्याची सोय नव्हती. हाताशी जे होते त्यांतूनच संघ बसवायचा होता. रहीम यांनी येथे घेतलेला निर्णय भारतीय फुटबॉलच्या इतिहासात अजोड ठरला. जर्नेल महाविद्यालयीन दिवसांत आघाडीला खेळत असत, हे त्यांना ठाऊक होते. बचावात त्यांची जागा अरुण घोष यांनी सांभाळली आणि डोक्याला पट्टी बांधलेल्या जर्नेल यांना रहीम यांनी थेट मधला आघाडीवीर केले. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामवर भारताने ३-२ असा विजय मिळवला, त्यात जर्नेल यांचाही एक गोल होता.

अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरिया समोर होता. इस्रायल आणि तैवान यांना यजमान इंडोनेशियाने स्पर्धेबाहेर ठेवले होते, आणि त्यावर आशियाई क्रीडा चळवळीतील ज्येष्ठ भारतीय पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी उघड आक्षेप घेतला होता. त्यामुळे जाकार्तात भारताविरुद्ध संतापाची लाट उसळली होती. सामन्याच्या आदल्या रात्री रहीम यांनी आपल्या मुलांकडे एकच भेट मागितली, सुवर्णपदकाची. ही आठवण त्या संघातील खेळाडू पुढे आयुष्यभर सांगत राहिले. ४ सप्टेंबर १९६२ रोजी सेनायान स्टेडियमवर सुमारे एक लाख प्रेक्षक जमले होते आणि त्यांतील बहुतेक भारताची हुर्यो उडवत होते. कोरियन खेळाडूंच्या उंच चेंडूंना तोंड देण्यासाठी रहीम यांनी आजारातून उठलेल्या उंचापुऱ्या पीटर थंगराज यांना गोलरक्षणाला उतरवले. सतराव्या मिनिटाला प्रदीपकुमार बॅनर्जी यांनी पहिला गोल केला. विसाव्या मिनिटाला दुसरा गोल झाला, तो जर्नेल सिंग यांचा. शेवटच्या टप्प्यात कोरियाने एक गोल फेडला. परंतु भारताने २-१ अशी बाजी मारली. काही दिवसांपूर्वी ज्यांच्याकडून दोन गोलांनी हार पत्करली, त्यांनाच त्याच खेळाडूंच्या नव्या मांडणीने हरवले होते.

त्यानंतर रहीम फार काळ जगले नाहीत. ११ जून १९६३ रोजी, वयाची चौपन्न वर्षेही पूर्ण होण्याआधी, त्यांचे निधन झाले. बलराम, गोस्वामी, बॅनर्जी, जर्नेल या त्यांच्या शिष्यांना अर्जुन पुरस्काराने गौरवण्यात आले. गुरूच्या वाट्याला मात्र तोलामोलाचा कोणताही राष्ट्रीय सन्मान आला नाही. पुत्र सय्यद शाहिद हकीम यांनी खेळाडू, पंच आणि प्रशिक्षक या नात्यांनी वडिलांचा वारसा चालवला. रोम ऑलिंपिकच्या संघात त्यांचा समावेश होता आणि पुढे गोव्याच्या साळगावकर संघाचेही ते प्रशिक्षक झाले.

रहीम यांच्या पश्चात भारताने देशी आणि परदेशी असे कितीतरी प्रशिक्षक आणले आणि बदलले. १९६४ च्या आशिया चषकात इंग्लंडच्या हॅरी राइट यांच्या मार्गदर्शनाखाली उपविजेतेपद मिळाले, १९७० च्या आशियाई स्पर्धेत ब्राँझपदक मिळाले. ही दोन्ही यशे मुख्यतः रहीम यांनी पेरलेल्या पिकाची होती. त्यानंतर आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे पदक आले नाही. रोमनंतर ऑलिंपिकच्या फुटबॉल मैदानावर भारत पुन्हा उतरला नाही.

नवा खेळाडू घेऊ नये, नवा प्रशिक्षक आणू नये, असे रहीम यांचे चरित्र सांगत नाही. त्यांच्याही संघात दरवर्षी नवे चेहरे येत होते. फरक एवढाच की ते चेहरे बाजारातून येण्याआधी शाळेच्या पटांगणातून, भाड्याच्या सायकलीवरून येत होते. हैदराबादेत तो माणूस वीस वर्षे एका जागी टिकला, म्हणून त्याने लावलेली झाडे फळाला आलेली दिसली. राष्ट्रीय संघात त्याला मध्येच दोनदा बाजूला केले गेले, आणि त्या दोन्ही वेळी संघ आशियाई स्पर्धेतून रिकाम्या हाताने घरी आला. पुढल्या हंगामात एखाद्या प्रशिक्षकाच्या गच्छंतीची मागणी होईल, तेव्हा त्याने मैदानावर किती सामने गमावले याबरोबरच मैदानाबाहेर किती मुले घडवली, हेही विचारले गेले पाहिजे.