लंडनची तळघरे कोरडी करणारा अभियंता

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंडनच्या दक्षिण भागातील कुटुंबांना पावसाची भीती वाटे ती छप्पर गळण्यामुळे नव्हे, तर जमिनीखालून वर येणाऱ्या पाण्यामुळे. लॅम्बेथ, सदर्क, बर्मंडसी या वस्त्यांचा बराच भाग थेम्स नदीच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली होता. नदीला भरती आली की गटारांची तोंडे बंद होत आणि मैलापाणी आतच तुंबून राही. त्याच वेळी मुसळधार पाऊस आला तर या भरलेल्या गटारांत आणखी पाणी मावत नसे. मग ते घराघरांतील मोऱ्यांच्या नळांतून उलटे फिरून तळघरात शिरे आणि ओहोटी लागेपर्यंत तेथेच साचून राही. या तळघरांत कुठे स्वयंपाकघर असे, कुठे कोळशाची साठवण, तर कुठे गरिबांचे बिऱ्हाड. शहराला या संकटातून सोडवणाऱ्या अभियंत्याचे नाव जोसेफ बॅझलजेट.

बॅझलजेट यांचा जन्म २८ मार्च १८१९ रोजी लंडनच्या उत्तरेकडील एनफिल्ड येथे झाला. घराणे मूळचे फ्रेंच. वडील ब्रिटिश नौदलात अधिकारी. अभियंता जॉन मॅकनील यांच्या हाताखाली उमेदवारी करताना त्यांना आयर्लंडमध्ये दलदलीच्या जमिनीतील पाण्याचा निचरा करण्याचे काम पाहायला मिळाले. पाणी अडवण्यापेक्षा त्याला योग्य उताराने वाट काढून देणे महत्त्वाचे, हा धडा त्यांना तेथे मिळाला आणि तोच पुढे जन्मभर उपयोगी पडला. १८४२ मध्ये त्यांनी लंडनमध्ये स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. रेल्वेमार्गांच्या धामधुमीत कामाचा ताण इतका वाढला की १८४७ मध्ये त्यांची प्रकृती पार ढासळली. विश्रांतीनंतर १८४९ मध्ये ते लंडनच्या मलनिस्सारण आयोगाच्या सेवेत साहाय्यक म्हणून रुजू झाले.

त्या काळी परिस्थिती विचित्र होती. लंडनची जुनी गटारे केवळ पावसाच्या पाण्यासाठी होती. १८१५ पर्यंत त्यांत घरातील मैला सोडणे हा गुन्हा मानला जाई. मैला घराखालच्या हौदांत साठवला जात असे. पुढे धोरण उलटे झाले. हे हौद बुजवून घरांचे नळ गटारांना जोडणे सक्तीचे करण्यात आले आणि अवघ्या सहा वर्षांत सुमारे ३० हजार हौद नाहीसे झाले. घराखालची घाण गेली खरी, पण ती थेट थेम्समध्ये जाऊ लागली. शिवाय घर आणि गटार यांच्यात आता सलग वाट तयार झाली होती, आणि जी वाट पाण्याला बाहेर नेते, तीच त्याला आतही आणते. नदीचे पाणी पिणाऱ्या शहरावर त्याचे भयंकर परिणाम झाले. १८४८-४९ च्या कॉलऱ्याच्या साथीत लंडनमध्ये १४ हजारांहून अधिक, तर १८५३-५४ च्या साथीत १० हजारांहून अधिक माणसे दगावली.

१८५६ मध्ये बॅझलजेट नव्याने स्थापन झालेल्या महानगर बांधकाम मंडळाचे मुख्य अभियंता झाले. त्यांचा आराखडा तयार होता. परंतु सरकारी मंजुरी मिळेना. अखेर १८५८ च्या कडक उन्हाळ्यात थेम्सची दुर्गंधी असह्य झाली. नदीकाठच्या संसदभवनात चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवलेले पडदे लावूनही सभासदांना बसवेना. तेव्हा डिझरायली यांनी मांडलेले विधेयक १८ दिवसांत कायदा बनले आणि ३० लाख पौंडांच्या कर्जाची सोय झाली.

बॅझलजेट यांची कल्पना मुळात साधी होती. जुनी गटारे उत्तर-दक्षिण वाहत नदीला मिळत. त्यांना आडवे छेदणारे मोठे नळमार्ग नदीला समांतर, पश्चिमेकडून पूर्वेकडे बांधायचे, आणि सर्व मैलापाणी शहराच्या खाली दूरवर नेऊन ओहोटीच्या वेळीच नदीत सोडायचे. उतार ठेवला तो मैलाला किमान दोन फूट, म्हणजे किलोमीटरला सुमारे ३८ सेंटिमीटर. सखल भागांतील पाणी मात्र केवळ उताराने जाणे शक्य नव्हते. त्यासाठी डेप्टफर्ड, क्रॉसनेस आणि अॅबी मिल्स येथे वाफेच्या यंत्रांची उपसा केंद्रे उभी राहिली. डेप्टफर्डला पाणी १८ फूट, तर अॅबी मिल्सला ३६ फूट उचलले जाई. ज्या वस्त्यांची तळघरे भरतीवर अवलंबून होती, त्या आता पंपांच्या आधाराने कोरड्या राहू लागल्या.

सुमारे १३२ किलोमीटर लांबीचे मुख्य नळमार्ग आणि ३१ कोटी ८० लाख विटा असा या कामाचा पसारा होता. पाणी कमी असतानाही प्रवाहाला वेग राहावा म्हणून अनेक नळमार्गांना अंड्यासारखा, तळाशी निमुळता आकार दिला गेला. त्या वेळी नवे असणारे पोर्टलंड सिमेंट कसून चाचण्या घेऊनच वापरले गेले. १८६६ मध्ये कॉलरा पुन्हा आला तो मुख्यतः पूर्व लंडनमध्ये, जेथे काम अपुरे राहिले होते. तेथे साडेपाच हजारांवर माणसे मरण पावली. नवी व्यवस्था पोहोचलेले भाग बहुतांशी वाचले. दुर्गंधीयुक्त हवेने रोग पसरतो, असा त्या काळचा सार्वत्रिक समज होता. निदान चुकीचे असूनही उपाय मात्र बरोबर ठरला.

बॅझलजेट यांच्या कार्याला दुसरी बाजूही आहे. शहराबाहेर सोडलेला मैला खालच्या गावांच्या काठाशी साचू लागला. ३ सप्टेंबर १८७८ रोजी ‘प्रिन्सेस अॅलिस’ ही प्रवासी बोट मैलापाण्याच्या मुखाजवळच बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली, तेव्हा नदीच्या त्या अवस्थेवर कडक टीका झाली. १८८७ पासून मैल्याचा गाळ वेगळा काढून जहाजांनी समुद्रात नेण्यास सुरुवात झाली. बॅझलजेट १८८९ मध्ये निवृत्त झाले आणि १५ मार्च १८९१ रोजी विम्बल्डन येथे त्यांचे निधन झाले. त्यांनीच बांधलेल्या व्हिक्टोरिया तटबंदीवर त्यांचे स्मारक आहे.

नळमार्ग अतिवृष्टीत भरले तर जादा पाणी जुन्या प्रवाहांतून थेम्समध्ये सोडण्याची तरतूद त्यांनी करून ठेवली होती. ही तरतूद नसती तर ते पाणी पुन्हा तळघरांत शिरले असते. घर वाचवायचे की नदी, या पेचात त्यांनी घराची निवड केली. शहर वाढत गेले तशी या निवडीची किंमत नदीने मोजली. २०२५ मध्ये पूर्णपणे जोडला गेलेला २५ किलोमीटरचा नवा भुयारी नळमार्ग मुख्यतः हेच ओसंडणारे पाणी अडवण्यासाठी आहे. तरीही धोका सरलेला नाही. १२ जुलै २०२१ च्या पावसात पश्चिम लंडनमधील अनेक तळघरांत मैलापाणी शिरलेच.

मुंबईकरांना हे परके वाटू नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा भरतीमुळे पाण्याचा निचरा आणखी अडला. हाजीअली, इर्ला येथे पुढे उभारलेल्या उपसा केंद्रांमागे बॅझलजेट यांचेच तत्त्व आहे.

घरमालकासाठीही तेच तत्त्व लहान प्रमाणात लागू पडते. तळघराच्या नळावर पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप बसवली, तर गटाराचे पाणी आत येत नाही. मात्र झडप बंद असताना घरातील सांडपाणीही बाहेर जात नाही आणि नळ वापरत राहिल्यास घर स्वतःच्याच पाण्याने भरते. म्हणून झडपेच्या जोडीला लहान पंप हवा आणि त्याचा नळ रस्त्याच्या पातळीपेक्षा वर चढवून मग गटाराला जोडलेला हवा. झडप, उपसा आणि उंची या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच तळघर सुरक्षित राहते. नुसते दार लावून पाणी थांबत नाही, त्याला जायला जागा द्यावी लागते. बॅझलजेट यांनी हे एका महानगरासाठी करून दाखवले.