नाथांनी मुलाचं ऐकलं

 

आपल्या हैदराबादेतल्या बऱ्याच मराठी घरांचं मूळ मराठवाड्यात आहे. १९५६ पर्यंत पैठणही हैदराबाद राज्यातच होतं. आज त्याच पैठणच्या एकनाथ महाराजांच्या घरातली एक गोष्ट.

नाथांचा जन्म १५३३ च्या सुमाराचा. आईवडील लहानपणीच गेले, आजी-आजोबांनी वाढवलं. देवगिरीला जनार्दनस्वामींची सेवा केली आणि गुरुआज्ञेनेच गिरिजाबाईंशी संसार मांडला. १५७३ मध्ये काशीत भागवताची टीका पूर्ण झाली. १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. अंगावर थुंकणाऱ्यावरही न रागावणारे नाथ आपल्याला ठाऊक आहेतच. पण परक्याचं सोसता येतं हो, घरचं माणूस विरोधात गेलं की खरी परीक्षा!

नाथांचा मुलगा हरिपंडित मोठा संस्कृत विद्वान. वडील प्राकृतात पुराण सांगतात, कुणाकडेही जेवतात, हे त्याला पटेना. तो बायकामुलांना घेऊन काशीला निघून गेला.

परंपरा सांगते, नाथ स्वतः काशीला गेले. मुलाने दोन अटी घातल्या: प्राकृतात पुराण सांगायचं नाही आणि परान्न घ्यायचं नाही. ज्यांनी आयुष्यभर मराठीची सेवा केली, त्यांनी दोन्ही मान्य केल्या. पैठणला हरिपंडित पुराण सांगू लागला. श्रोते कमी होत गेले, तरी नाथांनी त्याला टोमणा मारला नाही.

पुढे एका गरीब बाईला सहस्रभोजनाचा नवस फेडायचा होता. तिने एकट्या नाथांना जेवायला बोलावलं. स्वयंपाक हरिपंडितानेच केला. जेवणानंतर पत्रावळ उचलली तर खाली दुसरी, तिच्याखाली तिसरी, अशा हजार निघाल्या म्हणतात. हरिपंडिताने वडिलांचे पाय धरले. नाथांचं प्राकृत पुराण पुन्हा सुरू झालं. १५९९ मध्ये, फाल्गुन वद्य षष्ठीला, नाथांनी गोदावरीत देह ठेवला.

चमत्कार बाजूला ठेवला तरी उरतं ते फार मोठं आहे. नाथांनी आपलं मत सोडलं नाही, पण मुलगा घरी यावा म्हणून मान सोडला.

आम्ही उभयतांनी मागे परदेशातल्या मुलाशी देवपूजेवरून वाद घातला. दहा दिवस फोन बंद. आधी त्याने करावा, हाच आमचा हट्ट. रविवारच्या सत्संगात ही कथा ऐकली आणि लाज वाटली. त्याच रात्री आम्ही फोन केला. पूजेचा विषय काढला नाही, नातीचा खोकला विचारला. तो अर्धा तास बोलला. मत त्याचं अजून तेच आहे, आमचंही. पण आता रोज फोन येतो.

🌼 या आठवड्याचा संकल्प: घरात ज्याच्याशी अबोला आहे, त्याला आपण आधी फोन करू. आणि जुना विषय काढायचा नाही!

जय गुरुदेव 🙏