रमाबाई आणि वृत्तपत्रे

विद्यापीठाच्या प्रमुखपदी स्त्री आली की तिच्या स्त्रीत्वाचा मथळा होतो आणि कर्तृत्व खालच्या ओळींत जाते. अलीगढ मुस्लिम विद्यापीठास २०२४ साली प्रथमच स्त्री कुलगुरू लाभल्या, तेव्हाही मथळ्यांना आधी तेवढेच दिसले. ही दृष्टी नवी नव्हे. पंडिता रमाबाईंना निवर्तून शतक उलटले. त्यांचे चरित्र आम्ही वृत्तपत्रकारांनी तरी या अंगाने पुन्हा वाचावयास हवे.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद सोसून पत्नीस संस्कृत शिकविले आणि तिने ते मुलीस दिले. दुष्काळात आईबाप गेले. भाऊ श्रीनिवास याच्यासह पुराणे सांगत, पायी हिंडत रमाबाई १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी परीक्षा घेऊन विशीतल्या या मुलीस पंडिता आणि सरस्वती म्हटले, आणि ही कीर्ती महाराष्ट्रापर्यंत आली. ती देवतेची कीर्ती होती. देवतेस संस्था चालवावी लागत नाही, पैसे मागावे लागत नाहीत. म्हणून असली स्तुती समाजास फारशी महाग पडत नाही.

पुढल्या चार वर्षांत भाऊ गेला, विवाह झाला, कन्या झाली आणि पतीही गेले. १८८२ साली पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला आणि हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर यांची मागणी केली. पुढील वर्षी इंग्लंडात त्या ख्रिस्ती झाल्या, आणि सरस्वतीचे देवपण संपले.

आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी १८८६ साली त्या फिलाडेल्फियास गेल्या, त्या दोन वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत राहिल्या. व्याख्याने दिली, बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला, पुस्तक लिहिले आणि बोस्टन येथे आपल्या नियोजित शाळेस पैसा पुरविणारी मंडळी उभी केली. आजच्या एखाद्या कुलगुरूसही एवढी खटपट पेलावयाची नाही! ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीनजीक विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यास आले.

येथून ‘केसरी’चा हल्ला सुरू झाला. आक्षेप अगदीच निराधार होता असे आम्ही म्हणणार नाही. सदनात धर्म शिकवावयाचा नाही असे ठरले होते. परंतु बाईंच्या स्वतःच्या प्रार्थनेचे दार उघडे असे आणि काही मुली तेथे जाऊन बसत. आईबापांस याची काळजी वाटणे स्वाभाविक होते, आणि त्याबद्दल लिहिणे हे वृत्तपत्राचे कामच होते. खंत आहे ती दुसरीच. त्या गदारोळात रमाबाई केवळ बाटलेली बाई उरल्या. त्यांच्यातील संस्थाचालिका दिसेनाशी झाली. १८९३ साली रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले, अनेक मुली काढून नेण्यात आल्या. सदन मात्र बंद पडले नाही.

पुढे दुष्काळातील निराधार मुलींसाठी केडगावास मुक्ती सदन उभे राहिले. तेथे शेती होती, हातमाग होते, छापखाना होता. विसाव्या शतकाच्या आरंभी दीड हजारांवर जीव तेथे राहत. हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर करीत बाई तेथेच राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या.

शारदा सदनात अगदी आरंभी आलेल्या विधवांत गोदूबाई जोशी होत्या. १८९३ साली, म्हणजे ऐन वादाच्या वर्षी, त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. पत्नीचे शिक्षण कोणत्या बाईंच्या शाळेत झाले, हे त्या मुलाच्या पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडते.