रॉबर्ट वुडवर्ड

अमेरिकेतील बॉस्टन शहरी १० एप्रिल १९१७ रोजी रॉबर्ट बर्न्स वुडवर्ड यांचा जन्म झाला. पुढल्याच वर्षी जगभर इन्फ्लुएंझाची साथ पसरली व तीत त्यांच्या वडिलांचा अंत झाला. पितृछत्र हरपलेल्या या मुलाला खेळण्यांपेक्षा रसायनांचाच लळा अधिक. शाळेत असतानाच त्यांनी घरी आपली लहानशी प्रयोगशाळा मांडली होती.

वयाच्या सोळाव्या वर्षी ते मॅसॅच्युसेट्स येथील विख्यात तंत्रविद्या संस्थेत दाखल झाले. परंतु नेमून दिलेल्या अभ्यासाकडे त्यांचे लक्ष नसे. म्हणून १९३४ साली संस्थेने त्यांना काढून टाकले. सुदैवाने वर्षभरात त्यांना पुन्हा प्रवेश मिळाला. मग १९३६ मध्ये पदवी आणि १९३७ मध्ये डॉक्टरेट! तेव्हा त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते. पुढे हार्वर्ड विद्यापीठ हीच त्यांची कर्मभूमी ठरली.

वनस्पतींच्या व सूक्ष्मजंतूंच्या शरीरात जे गुंतागुंतीचे पदार्थ तयार होतात, ते साध्या रसायनांपासून पायरीपायरीने घडविणे, यास संश्लेषण म्हणतात. या विद्येत वुडवर्ड यांचा हात धरणारा कोणी नव्हता. आपल्या सर्पगंधेच्या मुळीतील रेसर्पीन हे औषधी द्रव्य त्यांनी १९५६ मध्ये घडविले, तर १९६० मध्ये पानांना हिरवेपणा देणारे हरितद्रव्य. १९६५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. रंगीत खडूंनी फळ्यावर सुबक आकृत्या काढीत ते तासन् तास व्याख्यान देत. त्यांचा गळपट्टा मात्र नेहमी निळाच असे!

अशा या पुरुषानेही एका पदार्थापुढे हात टेकले होते. तो पदार्थ म्हणजे एरिथ्रोमायसिन. फिलिपाईन्समधील मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजंतूपासून मिळणारे हे प्रतिजैविक १९५२ पासून रोग्यांना दिले जाऊ लागले. त्याच्या रेणूत अशी १८ ठिकाणे आहेत की, प्रत्येक ठिकाणी अणूंची मांडणी दोन प्रकारे होऊ शकते. म्हणजे एकूण मांडण्या २,६२,१४४. औषध मात्र त्यांतील एकच! हे काम आशेपलीकडचे दिसते, असे मत वुडवर्ड यांनी १९५६ मध्ये नोंदविले होते. पुढे त्यांनीच ते अंगावर घेतले.

खरी कसोटी होती ती वलय जुळविण्याची. या रेणूच्या मध्यभागी १३ कार्बन व एक ऑक्सिजन अशा १४ अणूंचे कडे असते. ते घडविण्यासाठी आधी लांब साखळी तयार करावी लागते आणि मग तिची दोन टोके एकमेकांस जोडावी लागतात. मैदानावर मुलींच्या अनेक रांगा दाटीने उभ्या असल्या आणि त्यांना फेर धरण्यास सांगितले, तर शेवटची मुलगी आपल्याच रांगेतील पहिलीचा हात धरण्याऐवजी शेजारच्या रांगेतील मुलीचा हात धरील. रेणूंचेही तसेच होते. म्हणून द्रावण अतिशय विरल ठेवतात, की रांगा दूरदूर राहाव्यात.

परंतु तेवढ्याने भागले नाही. हार्वर्डमधीलच कोरी यांनी शोधलेल्या पद्धतीने एकामागून एक साखळ्या जोडून पाहिल्या. बहुतेकींची टोके जुळेनात. साखळी ताठ राहिली, वा भलतीकडे वळली, तर टोके जवळ येणार कशी? तेव्हा साखळीवर मध्येच दोन ठिकाणी लहान लहान तात्पुरती वलये बसविण्यात आली. त्यांच्यामुळे साखळीला योग्य तो बाक आला आणि मोठे वलय जुळले. अशा रीतीने लहान वलयांनी मोठ्या वलयास हात दिला! काम होताच ती लहान वलये काढून टाकण्यात आली व दोन प्रकारच्या शर्करा एकेक करून वलयास जोडण्यात आल्या.

हे सारे पूर्ण झालेले पाहणे वुडवर्ड यांच्या नशिबी नव्हते. ८ जुलै १९७९ रोजी झोपेतच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. योशितो किशी या जपानी रसायनशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली त्यांच्या सहकाऱ्यांनी उरलेले काम तडीस नेले. १९८१ मध्ये त्याचा वृत्तांत तीन निबंधांत प्रसिद्ध झाला. सुमारे पन्नास संशोधकांच्या त्या नामावळीत पहिले नाव दिवंगत वुडवर्ड यांचेच होते.