पदवीवाचून पक्षिशास्त्रज्ञ : डॉ. सालिम अली

मुलाने किंवा मुलीने जीवशास्त्राची आवड दाखविली आणि वैद्यकीचे मात्र नाव काढले नाही, की घरातील वडीलधाऱ्यांना एक प्रश्न हमखास पडतो : यात पुढे पोटापाण्याचे काय? हा प्रश्न गैर नाही. सुमारे शंभर वर्षांपूर्वी मुंबईतील एका तरुण दांपत्यापुढे तो याहून कठोर रूपात उभा होता. त्या तरुणाचे नाव सालिम अली.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. पहिल्या वर्षी पितृछत्र आणि तिसऱ्या वर्षी मातृछत्र हरपल्याने खेतवाडीतील मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी ते वाढले. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने टिपलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर त्यांना पिवळा ठिपका दिसला. ही कोणती चिमणी, हे मामांना सांगता येईना. त्यांनी मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे धाडले. मिलार्डसाहेबांनी पक्षी ओळखून दिलाच, शिवाय कपाटातील पेंढा भरलेले पक्षी दाखविले आणि वाचायला पुस्तके दिली. एका मुलाच्या शंकेला मोठ्या माणसाने वेळ दिला, आणि त्या मुलाच्या आयुष्याला दिशा मिळाली.

ती दिशा सरळ मात्र नव्हती. शाळेत सालिम यांची प्रगती बेताचीच होती. डोकेदुखीने शिक्षणात खंड पडला आणि १९१३ साली ते जेमतेम मॅट्रिक झाले. पुढे ब्रह्मदेशात तवॉय येथे घरच्या खाणीच्या व लाकडाच्या धंद्यात त्यांना घालण्यात आले. हिशेबापेक्षा भोवतालचे रानच त्यांना अधिक ओढ लावी. १९१७ मध्ये परतल्यावर त्यांनी व्यापारी शिक्षण घेतले आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर ब्लॅटर यांच्या प्रोत्साहनाने प्राणिशास्त्राचाही अभ्यास केला, पण विद्यापीठाची पदवी काही पदरी पडली नाही. १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी विवाह झाला. पुन्हा ब्रह्मदेश गाठला, तोही धंदा बुडाला.

आता नोकरी शोधणे भाग होते. कलकत्त्याच्या भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेत पक्षिशास्त्रज्ञाची जागा होती, परंतु पदवी नसल्याने ती त्यांना मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात प्रेक्षकांना माहिती सांगणाऱ्या व्याख्यात्याचे काम मिळाले. आपले ज्ञान अपुरे आहे, हे त्यांना तेथेच जाणवले असावे. १९२८ मध्ये रजा घेऊन ते जर्मनीस गेले आणि बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात एर्विन स्ट्रेझमान यांच्या हाताखाली त्यांनी पक्षिशास्त्राची शिस्त आत्मसात केली. १९३० मध्ये परत येऊन पाहतात, तो पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली!

वय तेहतीस, हाती नवे ज्ञान आणि खिशात पगार नाही. मुंबईचा खर्च झेपेना, म्हणून पतिपत्नी अलिबागजवळ किहीम या समुद्रकाठच्या खेड्यात राहावयास गेली. तेथे सुगरणींची वसाहत होती. सालिम अली दिवसचे दिवस त्या घरट्यांसमोर बसून नोंदी करीत राहिले. नर घरटे अर्धे विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तरच राहते. मग नर ते पुरे करतो आणि लगेच दुसरे घरटे विणून दुसऱ्या मादीची वाट पाहतो. सुगरणीच्या संसाराची ही उकल त्यांनी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली, आणि पक्षिशास्त्रज्ञ म्हणून त्यांचे नाव झाले. बेकारीच्या त्या महिन्यांनी त्यांना जे दिले, ते नोकरीने दिले नव्हते.

पुढे त्यांनी एक धाडसी प्रस्ताव मांडला. संस्थानांनी प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च द्यावा, आपण पक्ष्यांचे सर्वेक्षण विनावेतन करू. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, तसेच शिंद्यांचे ग्वाल्हेर व होळकरांचे इंदूर असा मोठा मुलूख त्यांनी पालथा घातला. रानातील तंबूंत तेहमिनांनी त्यांना मनापासून साथ दिली. १९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. या आघातानंतर सालिम बहिणीच्या घरी राहिले आणि कामात अधिकच बुडाले. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे पुस्तक निघाले आणि सामान्य वाचकाला अंगणातला पक्षी नावाने ओळखता येऊ लागला. डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा महाग्रंथ १९७४ मध्ये पूर्ण झाला, तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली होती.

ज्या माणसाला पदवीअभावी नोकरी नाकारली गेली, त्याला पुढे विद्यापीठांनी सन्मान्य डॉक्टरेट दिली. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण आणि १९८५ मध्ये राज्यसभेचे सदस्यत्व त्यांना लाभले. भरतपूरचे पाणपक्षी आणि केरळातील सायलेंट व्हॅलीचे जंगल वाचावे, यासाठी त्यांनी आपले वजन खर्च केले. २० जून १९८७ रोजी ते मुंबईत निवर्तले.

या चरित्रातून पदवी निरुपयोगी असते, असा अर्थ कोणी काढू नये. सालिम अलींना आप्तांचा आधार आणि पत्नीची असामान्य साथ होती. ती प्रत्येकाला मिळत नाही. शिवाय आज प्राणिसर्वेक्षण असो, डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था असो, किंवा कोइमतूरजवळ त्यांच्याच नावाने उभी राहिलेली पक्षिशास्त्र संस्था असो, संशोधकाच्या जागेसाठी उच्च पदवी लागतेच. आजही या जागा थोड्या आहेत आणि त्यांपर्यंत पोहोचायला वर्षे लागतात. हे मुलांना आधीच मोकळेपणी सांगितलेले बरे.

परंतु दुसरी बाजूही सांगावी. सालिम अलींना एकच जागा नाकारली गेली तेव्हा या देशात पक्षी अभ्यासून पोट भरण्याच्या वाटा जवळजवळ नव्हत्याच. आज ज्या थोड्याफार आहेत, त्यांतील कित्येक त्यांच्या कामामुळे रुळल्या. आपल्या शाळेच्या हीरकमहोत्सवात मागे वळून पाहताना प्रत्येकाला असा एखादा शिक्षक आठवेल, ज्याने एका शंकेसाठी वेळ दिला. उद्या घरातले मूल एखादे पीस किंवा किडा तळहातावर घेऊन आले, तर पोटापाण्याचा प्रश्न थोडा लांबणीवर टाकावा आणि आधी त्याच्या शंकेकडे पाहावे.