विश्लेषण : बेसबॉलच्या तुटपुंज्या पगारापायी दोन ऑलिम्पिक सुवर्णपदके हिरावली गेलेला जिम थॉर्प कोण होता?

अमेरिकेतील महाविद्यालयांना जुलै २०२५ पासून आपल्या खेळाडूंना थेट पैसे देता येतात. न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार पहिल्या वर्षासाठी ही मर्यादा प्रत्येक संस्थेला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर इतकी होती. शंभर वर्षांपूर्वी मात्र विद्यार्थ्याने खेळून दोन पैसे मिळवणे हा गुन्हाच मानला जाई. त्याची सर्वांत मोठी किंमत जिम थॉर्पने मोजली.

कार्लाइलची शाळा

थॉर्प मूळ अमेरिकी ‘सॅक अँड फॉक्स’ जमातीचा. जन्म आजच्या ओक्लाहोमा राज्यातला. त्याला पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथील सरकारी निवासी शाळेत धाडण्यात आले. आदिवासी मुलांचे केस कापायचे, त्यांची भाषा बंद करायची आणि त्यांना ‘सुधारायचे’, हा त्या शाळेचा उद्देश. तिथे प्रशिक्षक पॉप वॉर्नर यांनी त्याला घडवले. कार्लाइलचा फुटबॉल संघ मोठमोठ्या विद्यापीठांना हरवू लागला आणि सामन्यांच्या तिकिटांचा पैसा शाळेच्या क्रीडा निधीत जमा होऊ लागला. १९१४ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीने शाळेची चौकशी केली, तेव्हा या निधीचा कारभारही चव्हाट्यावर आला. म्हणजे खेळात पैसा होताच. प्रश्न तो कोणी घ्यायचा, एवढाच होता.

नेमके काय घडले?

१९०९ आणि १९१० मध्ये थॉर्प नॉर्थ कॅरोलिनातील रॉकी माउंट संघाकडून बेसबॉल खेळला. पगार जेमतेम. तेव्हा कितीतरी महाविद्यालयीन मुले असे खेळत. पण खोट्या नावाने. थॉर्पने स्वतःचेच नाव लावले.

१९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये त्याने पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन ही दोन्ही सुवर्णपदके जिंकली. डेकॅथलॉनमध्ये दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू जवळपास ७०० गुणांनी मागे होता. जानेवारी १९१३ मध्ये एका वृत्तपत्राने बेसबॉलची बातमी छापली. वॉर्नर यांनी आपल्याला काही ठाऊकच नव्हते, असा पवित्रा घेतला (यावर विश्वास ठेवणे कठीण). पदके आणि विक्रम दोन्ही काढून घेतले गेले. वास्तविक नियमानुसार आक्षेप स्पर्धेनंतर ३० दिवसांत नोंदवायचा होता. ती मुदत केव्हाच उलटली होती.

पुढे काय?

न्यूयॉर्क जायंट्सने त्याला लगेच करारबद्ध केले. जॉन मॅकग्रॉ हे तेथील मॅनेजर. त्या काळी मॅनेजर म्हणजे संघाचा सर्वेसर्वा : खेळाडू निवडणे, डावपेच, शिस्त, सगळे त्याच्याच हाती. आज यातले बरेचसे काम जनरल मॅनेजर आणि आकडेतज्ज्ञांकडे गेले आहे. मॅकग्रॉ यांनी थॉर्पला बहुतेक वेळ बाकावरच बसवले. १९१९ मध्ये बॉस्टनकडून मात्र त्याने .३२७ च्या सरासरीने फटकेबाजी केली. ते त्याचे मेजर लीगमधील अखेरचे वर्ष ठरले. १९२० मध्ये, आज एनएफएल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्यावसायिक फुटबॉल संघटनेचा तो पहिला अध्यक्ष झाला.

उतारवयात त्याने चित्रपटांत किरकोळ भूमिका केल्या, अंगमेहनतीची कामेही केली. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियात त्याचे निधन झाले. स्टॉकहोममध्ये त्याच्याच विरुद्ध खेळलेले एव्हरी ब्रंडेज १९५२ ते १९७२ आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष होते. त्यांच्या काळात पदके परत मिळाली नाहीत. १९८३ मध्ये कुटुंबाला पदकांच्या प्रतिकृती मिळाल्या, पण थॉर्पची नोंद संयुक्त विजेता अशीच राहिली. एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव पुन्हा लागले ते जुलै २०२२ मध्ये.