देव जिच्यासोबत दळायला बसला, ती गंगाखेडची जनाबाई

आषाढी जवळ आली की एक चित्र सोशल मीडियावर हमखास फिरतं. जात्याच्या एका बाजूला जनाबाई, दुसऱ्या बाजूला विठ्ठल आणि दोघांचे हात एकाच खुंट्यावर. आपण लाइक करून पुढे जातो. पण त्या चित्रात देव नेमकं करतोय काय? तो वर देत नाहीये, उपदेशही करत नाहीये. तो दळू लागलाय आणि जनीचं ऐकतोय.

ही जनी मूळची आपल्या परभणी जिल्ह्यातली, गोदाकाठच्या गंगाखेडची. काळ तेराव्या-चौदाव्या शतकाचा. वडील दमा, आई करुंड. घर गरीब आणि जात त्या काळी खालची मानलेली. परंपरा सांगते की लहानपणीच आई गेली आणि वडिलांनी पोरीला पंढरपूरला दामाशेटी शिंप्यांच्या घरी ठेवलं. दामाशेटी म्हणजे संत नामदेवांचे वडील. जनी तिथे दासी म्हणून राहिली ती कायमचीच.

नामदेवांचं घर मोठं होतं. मुलं, सुना धरून चौदा माणसं, आणि पंधरावी जनी, असा हिशोब तिच्या नावच्या अभंगात येतो. एवढ्यांचं दळण, कांडण, पाणी, शेणगोठा. घर संतांचं असलं तरी काम काही कमी होत नव्हतं. नामदेव कीर्तनाला उभे राहत तेव्हा गाव ऐकायला जमे. मोलकरणीचं ऐकायला कोण बसणार?

जनीने यावर काढलेला मार्ग अफलातून आहे. तिने विठ्ठलाला देवळातून उठवून थेट कामाच्या जागी आणलं. तिच्या अभंगांत तो दळतो, शेण्या वेचतो, पाणी भरतो, तिची वेणी घालतो, डोक्यातल्या उवासुद्धा काढतो. ती त्याला विठाबाई म्हणते, आई म्हणते, आणि डोकं फिरलं की चक्क शिव्या घालते. तो चिडत नाही, समजावत नाही, ऐकून घेतो. आईविना वाढलेल्या पोरीने स्वतःसाठी असा ऐकणारा मिळवला, ही मला तिच्या चरित्रातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. चमत्कार त्यानंतर.

तरी चमत्कारांकडेही नीट बघा. महिपतींनी १७६२ साली ‘भक्तविजय’ लिहिला आणि संतांच्या कथा घरोघरी पोचल्या. त्यांतली एक पदकाची. रात्री जनीकडे आलेला विठ्ठल घाईत निघतो, आपलं रत्नपदक तिथेच विसरतो आणि तिची वाकळ पांघरून जातो. सकाळी चोरीचा आळ दासीवर. ती परोपरीने सांगते, पण ऐकतं कोण! तिला सुळावर द्यायला चंद्रभागेच्या वाळवंटात नेतात आणि तिथे सुळाचं पाणी होतं. पाणी झालं की नाही हा श्रद्धेचा विषय. मात्र चोरी झाली की पहिला संशय मोलकरणीवर, हे सांगायला कुठल्याच पोथीची गरज नाही.

दुसरी कथा गोवऱ्यांची. जनीचं एका बाईशी गोवऱ्यांवरून भांडण जुंपलेलं असताना कबीर तिथे येतात. कुठली गोवरी कुणाची, हे ओळखायचं कसं? जनी सांगते, कानाला लावा, जिच्यातून विठ्ठल विठ्ठल ऐकू येईल ती माझी. इतिहासाच्या हिशोबाने ही भेट जुळत नाही, कारण कबीर पंधराव्या शतकातले. पण कथा रचणाऱ्याने एवढ्या मोठ्या संताला शेणाची गोवरी कानाला लावायला लावली, हे काही उगाच नाही.

जनीच्या नावावर आज साडेतीनशेच्या आसपास अभंग सांगितले जातात. ते नामदेव गाथेतून टिकले. बहुतेकांत ती स्वतःची ओळख नामदेवांची दासी अशीच देते. दासीपण तिने लपवलं नाही. परंपरेनुसार १३५० साली नामदेवांच्या कुटुंबासोबत तिनेही पंढरपूरच्या महाद्वारात समाधी घेतली. पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात जनाबाईचं म्हणून दाखवलं जाणारं जातं बघायला वारकरी आजही रांग लावतात.

जनीची खरी वारसदार मात्र गावोगावची जाती आहेत. पहाटेचं दळण बहुतेकदा दोघींचं. एकीने ओवी सुरू करायची, दुसरीने खुंटा धरून साथ द्यायची. सासुरवास, माहेरची ओढ, गेलेलं लेकरू, जे चारचौघांत बोलता येत नाही ते सगळं तिथे निघायचं. समोरची सल्ला देत नाही, मध्ये तोडत नाही, फक्त जातं फिरत राहतं. मन हलकं व्हायचं ते यामुळे. आणि जिच्या समोर बसायला कुणीच नसे, ती जनीचं नाव घेऊन विठ्ठलाला हाक मारायची. एकट्या बाईसमोर देव येऊन बसतो, याचा दाखला जनीने आधीच देऊन ठेवला होता ना!

हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ या अभ्यासकांच्या पुढाकाराने अशा १ लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. त्यांत परभणीतल्या ताडकळसच्या एका बाईंचा आवाजही आहे, दुःखाने भरलेला. ‘पारी’च्या संकेतस्थळावर या ओव्या ऐकता येतात.

गिरणी आली आणि पहाटेची घरघर थांबली. कित्येक आज्या सांगतात की हातात खुंटा नसला तर ओवी आठवतच नाही. लग्नघरी मात्र अजूनही माळ्यावरचं जातं खाली काढतात, त्याला हळदकुंकू लावतात आणि सुवासिनी हळद दळायला बसतात. पहिली ओवी कोण म्हणणार, यावरून थोडी ढकलाढकली होते. मग कुणीतरी म्हातारी खुंट्याला हात घालते.